करडईचा काटा

दिवाळी उलटून थंडी पडली की सोलापूर, लातूर, धाराशिव, बीड या भागांतल्या आठवडी बाजारांत करडईच्या कोवळ्या पाल्याच्या जुड्या दिसू लागतात. पानं लांबट, मऊ, कडांना जेमतेम दाते. हाताला अजून काही टोचत नाही. या भाजीचे दिवस थोडेच. पेरल्यावर पहिला महिनाभर करडईचं रोप उंच होतच नाही. जमिनीलगत पानांचा चक्राकार झुबका करून बसतं आणि सगळी वाढ खालच्या अंगाला, सोटमुळाकडे चालते. विरळणी करताना जी दाट रोपं उपटली जातात तीच ही भाजी. लसणाची सढळ फोडणी, मूठभर मुगाची डाळ आणि सोबत ज्वारीची भाकरी, एवढ्यावर जेवण होतं. मग एके दिवशी झुबक्याच्या मधून दांडा वर येतो, फांद्या फुटतात, पानांच्या कडा कडक होतात आणि प्रत्येक टोकाला काटा येतो. तिथून पुढे कापणीपर्यंत करडईच्या वाटेला कुणी जात नाही.

दख्खनच्या शेतात हे पीक शतकानुशतकं टिकलं ते याच काट्यामुळे, आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत मागे पडलं तेही मुख्यतः याच काट्यामुळे. मधल्या काळात तिच्या पाकळ्यांचा आणि तिच्या दाण्यांचा असे दोन मोठे बाजार भरले आणि उठले. शेतकऱ्याचं करडईशी नातं मात्र त्या बाजारांहून जुनं आहे.

शास्त्रीय नाव कार्थॅमस टिंक्टोरियस. सूर्यफूल, शेवंती, झेंडू यांच्याच कुळातली ही वनस्पती. आपल्याला जे एक फूल वाटतं तो प्रत्यक्षात अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो, आणि त्याच्याभोवती काटेरी छदांची वाटी. उमलताना पिवळी, मग नारिंगी, सुकताना तांबडी अशी ही फुलं रंग बदलतात. तिचे रानटी पूर्वज पश्चिम आशियातले. तिथल्या कोरड्या, हिवाळी पावसाच्या मुलखात माणसाने ती प्रथम लावली, असं वनस्पतिशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ मानतात. प्राचीन इजिप्तमध्ये ममींभोवतीच्या पुष्पमाळांत करडईची फुलं सापडली आहेत, आणि तूतनखामेनच्या थडग्यातल्या अवशेषांत तिचं बीही आहे. भारतात ती इतकी मुरली की संस्कृतात तिला कुसुंभ हे स्वतंत्र नाव आहे आणि कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’त वसंतातल्या स्त्रियांची वस्त्रं कुसुंभाच्याच रंगात रंगलेली आहेत.

दमट हवा तिला सोसत नाही. फुलोऱ्यात पाऊस झाला तर बोंडं कुजतात, ढगाळ दिवस लांबले तर काळा मावा झाडावर चढतो. म्हणून कोकणात ती नाही. तिला हवी खोल काळी जमीन, हस्ताच्या पावसाची ओल आणि त्यानंतर कोरडा, स्वच्छ हिवाळा. पश्चिम महाराष्ट्राचा अवर्षणग्रस्त पट्टा, मराठवाडा आणि लगतचा उत्तर कर्नाटक यांना निसर्गाने नेमकं हेच दिलं आहे. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये पेरायची आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायची. वरची माती तडकून भेगा पडतात, ज्वारी माना टाकते, तेव्हाही करडईचं मूळ खालच्या थरातली ओल ओढत असतं.

पहिला बाजार पाकळ्यांचा. कुसुंब्याच्या, म्हणजे करडईच्या, पाकळीत दोन रंग असतात. पिवळा भरपूर, पाण्यात सहज सुटणारा आणि रंगाऱ्याच्या दृष्टीने फारसा कामाचा नसलेला. तांबडा मात्र अगदी थोडा, शेकडा एक भागही नाही, आणि साध्या पाण्यात न सुटणारा. रंगाऱ्याचं सगळं कसब या दोघांना वेगळं करण्यात होतं. वाळलेल्या पाकळ्या कापडात बांधून पाण्यात पायांनी तुडवायच्या. पाणी पिवळं येतंय तोवर तुडवत राहायचं. मग उरलेल्या चोथ्यात सज्जीखार किंवा पापडखार घालून तो हातांनी मळायचा आणि त्यावर पाणी ओतून गाळून घ्यायचं. हे पाणी दिसायला मळकटच. त्यात लिंबाचा रस किंवा दुसरी आंबट वस्तू पडली की तांबडा रंग उघडा होतो आणि त्यात बुडवलेल्या कापडावर बसतो. पहिल्या पाण्याचा रंग गडद, पुढच्या पाण्यांचा गुलाबी. एकच कापड पुन्हा पुन्हा बुडवत फिक्या गुलाबीपासून भरदार लालपर्यंत हव्या त्या छटेवर थांबता येई. तुरटीची गरज नाही, उकळण्याची गरज नाही. सुती आणि रेशमी दोन्ही कापडांवर तो सरळ चढे.

पण उतरेही तितक्याच सहज. आल आणि मंजिष्ठ यांच्या मुळांपासून होणारा लाल रंग पक्का, कुसुंब्याचा कच्चा. उन्हात तो विटे, खाराच्या पाण्यात धुतला की सुटे. पागोटी, शेले, सणावारी नेसायची लुगडी या वस्त्रांना तो शोभे, रोजच्या वापराला नाही. रंगाऱ्याच्या धंद्याचा हिशोबही यातच होता. रंग विटला की तेच पागोटं पुन्हा त्याच्याकडे येई. आज आपण टिकाऊपणाला गुण मानतो. त्या व्यवहारात मात्र विटणाऱ्या रंगाने रंगाऱ्याला वर्षभर काम दिलं आणि शेतकऱ्याच्या पाकळ्यांना दरसाल गिऱ्हाईक दिलं. पाकळी खुडण्याची वेळ बरोबर साधली तर दाण्याचंही नुकसान होत नसे. फलन झालं की पाकळीचं काम संपतं. कोमेजू लागलेल्या पाकळ्या तेव्हा काढल्या तरी बोंडात बी भरतंच. म्हणजे एकाच झाडावरून रंगही निघे आणि तेलही.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानचा कुसुंबा जहाजांनी इंग्लंडला जाऊ लागला. त्यात ढाक्याच्या मालाचा मान मोठा होता. विलायतेत त्याचा उपयोग रेशमी फितींना, गालाला लावायच्या लालीला, आणि सरकारी कागदांची बाडं बांधायच्या लाल फितींना होई. १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग तयार केला. १८५९ साली फ्रान्समध्ये त्याच घराण्यातला किरमिजी रंग निघाला. पुढच्या वीस-तीस वर्षांत या रासायनिक रंगांच्या पुड्या भारतातल्या बाजारपेठांपर्यंत पोचल्या. तुडवणं नको, खार नको, लिंबू नको. पुडी पाण्यात टाकली की काम झालं. कुसुंब्याचा धंदा एका पिढीत बसला. नीळ गेली त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं, कारण तिच्यामागे मळेवाले साहेब होते, खटले होते, चंपारण होतं. कुसुंबा छोट्या शेतकऱ्यांच्या बांधाबांधावरून गोळा होत असे, त्यामुळे त्याच्या जाण्याचा आवाज झाला नाही. ही उणीव इतिहासलेखनाने भरून काढायला हवी.

जपानमध्ये हेच घडलं, पण स्मृती जपली गेली. यामागाता प्रांतातल्या करडईच्या पाकळ्या मोगामी नदीतून नावांनी खाली जात आणि पुढे समुद्रमार्गाने क्योतोला पोचत. तिथे त्यांच्यापासून रेशमाचा रंग आणि ओठांची लाली होई. तिथेही रासायनिक रंग आले आणि शेती आक्रसली, तरी थोडी लागवड टिकवून धरली गेली. इसाओ ताकाहाता यांच्या १९९१ सालच्या ‘ओन्ली येस्टरडे’ या चित्रपटात टोकियोची नायिका यामागातात जाऊन भल्या पहाटे या पाकळ्या खुडते. पहाट अशासाठी, की दवाने काटे नरम पडलेले असतात. सोलापूरच्या बाईला हे सांगावं लागत नाही.

दख्खनमध्ये रंगाचा बाजार उठला तरी करडई उठली नाही. इथे ती पाकळीसाठी कधीच नुसती लावलेली नव्हती. १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात ती रब्बी ज्वारीत आणि गव्हात ओळींनी पेरली जाणारी गळिताची पेर म्हणून येते. पानांची भाजी होते आणि तेलाला चांगला मान आहे, असंही तिथे म्हटलं आहे. पाभरीला मागे मोघा बांधून ज्वारीच्या ठरावीक ओळींमागे करडईचे तास सोडायचे, आणि शेताच्या कडेने, विशेषतः गाडीवाटेच्या बाजूने, तिचा दाट पट्टा लावायचा, ही रीत काळ्या रानात सगळीकडे होती. ज्वारी निसवून हुरड्यावर येते त्या सुमारास करडईचे काटे पुरते कडक झालेले असतात. वाटेने जाणारी गुरं, मेंढरं त्या पट्ट्याशी येऊन थांबतात. लाकूड नाही, तार नाही, खर्च नाही, आणि हंगामाच्या शेवटी कुंपणच कापून घाण्याला न्यायचं. शिवाय ज्वारी हातची गेलेल्या वर्षी या ओळींतून काही ना काही पदरात पडे. कोरडवाहू शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून बसवलेली ही रचना कुठल्याही शेतीतज्ज्ञाने अभ्यासावी इतकी नेटकी होती.

दाणा गावच्या तेल्याकडे जाई. लाकडी घाण्यातलं करडईचं तेल पिवळसर, पातळ, मंद वासाचं. भाकरीवर ठेचा आणि वर हे कच्चं तेल, ही सोलापूर-मराठवाड्यातल्या कष्टकऱ्याची रोजची न्याहारी होती. पेंड सालासकट, म्हणून थोडी कडवट. ती गुरांपुढे जाई. बिया भाजून, जाळून काढलेलं काळं तेलही असे. ते खाण्यासाठी नव्हे, तर मोटेचं चामडं आणि दोर पाण्यात कुजू नयेत म्हणून चोपडण्यासाठी. वाळलेली झाडं चुलीत जात. सीमेपलीकडे उत्तर कर्नाटकात हेच दाणे भिजवून, वाटून त्यांचं दूध काढतात आणि त्यात गहू शिजवून गोड हुग्गी करतात.

दुसरा बाजार आला तो या दाण्याचा, आणि त्याची सुरुवात झाली अमेरिकेत. कॅलिफोर्नियात दुसऱ्या महायुद्धानंतर करडई लावली गेली ती प्रथम रंग आणि व्हार्निश यांच्यासाठी, कारण तिच्या तेलात केलेला पांढरा रंग लवकर पिवळा पडत नाही. १९५०च्या दशकात वनस्पती तेलांनी रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं असं प्रयोगांतून दिसू लागलं. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल सत्तर टक्क्यांहून अधिक. पाहता पाहता ते औषधासारखं विकलं जाऊ लागलं. १९६१ साली हर्मन टॅलर नावाच्या डॉक्टरचं वजन उतरवण्यावरचं पुस्तक तिथे तडाखेबंद खपलं. त्यात करडईच्या तेलाच्या कॅप्सूल घेण्याचा सल्ला होता. सरकारने त्या कॅप्सूलवर कारवाई केली आणि १९६७ साली न्यायालयाने टॅलरला दोषी ठरवलं. तेल निर्दोष होतं, त्याच्याभोवती रचलेले दावे खोटे होते.

याच सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाचे पॉल्डन नोल्स देशोदेशी हिंडून करडईचं बियाणं गोळा करत होते, भारतातही आले. भारतातून गेलेल्या एका वाणात ऑलिक आम्लाचं प्रमाण विलक्षण जास्त असल्याचं १९५७ साली लक्षात आलं. तळणाला अधिक टिकणारं, ऑलिव्ह तेलाच्या जवळ जाणारं हे तेल. त्या गुणावर आधारलेला यूसी-१ हा वाण १९६६ मध्ये तिथे प्रसारित झाला. आज जगात उच्च ऑलिक करडई तेलाचा जो व्यापार चालतो, त्याच्या मुळाशी इथल्या कुणा अनामिक शेतकऱ्याने राखलेलं बी आहे. त्याच्या वंशजांना या व्यापारातून काय मिळालं, हा प्रश्न विचारायलाच हवा.

भारतात हृदयाला हितकर तेल ही ओळख घरोघर नेली ती मुंबईच्या बॉम्बे ऑइल इंडस्ट्रीजच्या सफोलाने. हा ब्रँड पुढे मॅरिकोकडे गेला. शहरी, सुखवस्तू घरांत करडईचं शुद्ध केलेलं तेल डॉक्टरांच्या सल्ल्याने येऊ लागलं. आज त्या नावाखाली वेगवेगळ्या तेलांची मिश्रणं विकली जातात.

१९८६ साली केंद्राने तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू केलं. त्या दशकात देशात करडईखालचं क्षेत्र दहा लाख हेक्टरच्या घरात होतं, आणि त्यातलं बहुतेक महाराष्ट्र आणि कर्नाटकात. सोलापूरच्या संशोधन केंद्राची भीमा, परभणी विद्यापीठाच्या शारदा आणि परभणी कुसुम अशा वाणांची नावं त्या आणि पुढच्या काळात शेतकऱ्यांच्या तोंडी होती. २०१०चं दशक सरताना हेच क्षेत्र एक लाख हेक्टरच्या खाली आलं.

कारणं एकात एक गुंतलेली आहेत. १९९४ पासून खाद्यतेलाची आयात खुली होत गेली आणि स्वस्त पामतेलाने घाण्याचं गिऱ्हाईक नेलं. खरिपात सोयाबीन आलं, त्यामागे रब्बीत हरभरा आला. पाणी मिळालं तिथे ऊस आला. सरकार दरवर्षी करडईचा हमीभाव जाहीर करतं, पण खरेदी केंद्र जवळ नसेल तर तो आकडा कागदावरच राहतो. तरीही गावात जाऊन विचारलं तर पहिलं उत्तर भावाचं येत नाही. काढायला माणूस मिळत नाही, हे येतं.

काढणी म्हणजे काय, हे पाहिल्याशिवाय ते उत्तर कळत नाही. पहाटेच्या दवात काम सुरू होतं, ऊन वर आलं की थांबवावं लागतं, कारण सुकलेला काटा मोडून कातडीत राहतो. बायका हातांना फडकी गुंडाळतात, पायांना गोणपाट बांधतात. एका हाताने बेचक्याच्या काठीने झाड दाबून धरायचं, दुसऱ्या हाताने विळा चालवायचा. कापलेल्या झाडांचे ढीग वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवायचे. चार-पाच दिवसांनी खळ्यावर बडवणी. त्या वेळी काट्यांचा बारीक भुसा हवेत उडतो आणि घशाला, डोळ्यांना, मानेला झोंबत राहतो. हे काम मुख्यतः बायकांनी केलं, आणि घरच्या बाईच्या कामाचे पैसे हिशोबात धरले जात नव्हते तोवर करडई परवडत होती. रोजंदारीचं दुसरं काम मिळू लागताच त्यांनी ही काढणी नाकारली. करडईच्या घसरणीचं हे कारण आकडेवारीच्या तक्त्यांत येत नाही, म्हणून ते इथे ठळकपणे नोंदवलं पाहिजे.

सातारा जिल्ह्यातल्या फलटणला या काट्यावरच काम झालं. बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने करडई हा आपल्या कामाचा एक मुख्य विषय केला. बिनकाट्याची करडई निसर्गात नव्हती असं नाही, पण तिचं उत्पन्न आणि तेलाचा उतारा काटेरी वाणांपुढे कमी पडे. त्यात आनुवंशिकतेची अडचण: काटेरीपणा हा प्रबळ गुण आहे. संकरातल्या आई-बापांपैकी एक जरी काटेरी असला तरी संतती काटेरीच निघते. म्हणजे संकरित बिनकाट्याची करडई हवी तर दोन्ही पालक बिनकाट्याचे आणि दोन्ही भरघोस उत्पन्नाचे हवेत. शिवाय करडईचं फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे संकर करायचा तर परागवंध्य ओळी आधी तयार कराव्या लागतात. वर्षानुवर्षांच्या निवडीनंतर नारी-६ हा बिनकाट्याचा सुधारित वाण आणि नारी-एनएच-१ हा बिनकाट्याचा संकर २००१ मध्ये प्रसारित झाले. यातला दुसरा जगातला अशा प्रकारचा पहिला मानला जातो.

काटा गेल्यावर पाकळी पुन्हा हाती येण्यासारखी झाली. चीनमध्ये या पाकळ्यांना पारंपरिक वैद्यकात रक्ताभिसरणाचं औषध म्हणून मोठी मागणी आहे. खाद्यपदार्थांना नैसर्गिक पिवळा रंग म्हणूनही त्यांचा उपयोग होतो, म्हणजे रंगारी ज्या पिवळ्या पाण्याला फेकून देत असे त्यालाच आता किंमत आहे. फलटणच्या संस्थेने पाकळ्या शोषून गोळा करणारं, पाठीवर बांधायचं यंत्रही बनवलं. तरी हा व्यवसाय मोठा झालेला नाही. पाकळी हलकी, खुडायला वेळ फार, आणि गावापासून गिऱ्हाईक दूर.

कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्याला काट्याने कधी अडवलं नाही, कारण तिथे पहिल्यापासून कापणी कंबाईन यंत्राने झाली. अलीकडे गहू काढणारी अशी यंत्रं मराठवाड्यातही करडईत फिरू लागली आहेत. सकाळी यंत्र शेतात गेलं तर दुपारी माल पोत्यांत भरलेला असतो आणि कुणाच्या हाताला फडकं गुंडाळावं लागत नाही. पण यंत्राला सलग रान लागतं. ज्वारीत मधूनमधून सोडलेल्या तासांत ते चालत नाही, आणि दोन-तीन एकरांच्या तुकड्यासाठी त्याचा मालक दूरवरून यायला तयार नसतो.

दरम्यान शेतात नवी गरज उभी राहिली आहे. रानडुकरं आणि हरणांचे कळप मराठवाड्यात आणि सोलापूरकडे हरभरा, मका, ज्वारी फस्त करतात. रात्रभर राखण करणं सगळ्यांना शक्य नाही, आणि सौर कुंपणाचा खर्च पेलत नाही. काटेरी करडईला मात्र ही जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. त्यामुळे ज्यांनी सलग करडई कधीच सोडून दिली होती असे शेतकरीही हरभऱ्याच्या कडेने तिचे चार तास पेरू लागले आहेत, आणि कृषी सेवा केंद्रात बियाण्याची पिशवी घेताना ते मुद्दाम काटेरी वाण मागून घेतात.